म्हादई आणि मांडवी : एका नदीच्या दोन नावांचा अभ्यास

पणजीच्या धक्क्यावर उभे राहून समोरच्या विस्तीर्ण पात्राकडे बोट दाखविले आणि ही नदी कोणती असे विचारले, तर लहान मूलही मांडवी असे उत्तर देईल. हाच प्रश्न सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आसपासच्या एखाद्या गावी विचारावा. तेथील म्हातारा माणूस मांडवीचे नाव घेणार नाही. तो म्हादई म्हणेल आणि तेही अशा सुरात, की आपण एखाद्या नदीविषयी नव्हे तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रीविषयी विचारले असावे. नदी एकच. नावे मात्र दोन, आणि ती दोन का झाली याचा शोध घेऊ लागले की गोव्याच्या इतिहासाचा व लोकजीवनाचा फार मोठा भाग आपोआप उलगडू लागतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

म्हादईचा उगम बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या अरण्यातील देगाव परिसरात होतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील हा प्रदेश अतिपर्जन्याचा. याच अरण्यातील बारापेडे येथील गुहांत एक अत्यंत दुर्मीळ जातीचे वटवाघूळ आढळते, म्हणून जगातील प्राणिशास्त्रज्ञांना तो परिचित आहे. आपल्याला तो परिचित असायला हवा तो वेगळ्या कारणासाठी. येथून काही मैलांच्या अंतरात दोन नद्या दोन दिशांना जातात. मलप्रभा पूर्वेकडे वळते आणि कृष्णेस मिळून अखेर बंगालच्या उपसागरात जाते. म्हादई पश्चिमेचा उतार धरते आणि सह्याद्रीच्या कड्यांवरून सत्तरीत येते. एका डोंगराच्या दोन कुशींत जन्मलेल्या या दोन बहिणींमध्ये आज जो वाद उभा आहे, त्याकडे पुढे येऊ.

म्हादईचे एकूण खोरे सुमारे २०३२ चौरस किलोमीटरचे आहे. त्यांपैकी १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात व ७७ महाराष्ट्रात मोडतात. गोव्याचे एकूण क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर आहे हे लक्षात घेतले, म्हणजे राज्याचा दोन पंचमांशाहून अधिक भूभाग या एकाच नदीच्या पदरात येतो हे ध्यानात येईल. सुर्ला, रगाडा, खांडेपार, वाळवंटी, डिचोली, म्हापशाची नदी अशा लहानमोठ्या नद्या तिला वाटेत मिळतात. दूधसागरचा विख्यात धबधबा ज्या प्रवाहावर आहे तोही खांडेपारवाटे अखेर मांडवीतच येतो.

आता नावांकडे वळू. म्हादई हे नाव महादेवीवरून आले असावे असे सामान्यतः मानतात, आणि त्यास सत्तरीतील पुरावा अनुकूल आहे. या तालुक्यातील काही गावांत नौकेत आरूढ झालेल्या देवीची जुनी पाषाणशिल्पे सापडतात. देवी सिंहावर, वाघावर, महिषावर पाय देऊन उभी असलेली आपण सर्वत्र पाहतो. परंतु नौकेतील देवी ही या खोऱ्याची खास निर्मिती म्हणावी लागेल. ज्या माणसांनी ती घडविली त्यांच्या दृष्टीने तारणे हा शब्द केवळ अध्यात्मातील नव्हता. पावसाळ्यात दुथडी भरलेली नदी ओलांडणे हा तेथे रोजच्या जगण्यामरणाचा प्रश्न होता.

मांडवी या शब्दाची कुळकथा निराळी आहे. मालाची चढउतार व जकातवसुली जेथे होते ते ठिकाण म्हणजे मांडवी. मुंबईतही मांडवी आहे, कच्छातही आहे. म्हणजे वरच्या अंगाला देवीचे नाव आणि खालच्या अंगाला जकातीचे. हा भेद मला फार अर्थपूर्ण वाटतो. वरच्या अंगाला नदी गोड्या पाण्याची, डोंगराची, शेतकऱ्याची. खालच्या अंगाला ती भरतीची, खाऱ्या पाण्याची, तांडेलाची व व्यापाऱ्याची. समुद्राची भरती गांजे गावापर्यंत जाणवते. नाव नेमके तेथेच पालटते असे कोणी म्हणणार नाही. परंतु स्थूलमानाने दोन नावांची सीमा आणि दोन पाण्यांची सीमा यांत फारसे अंतर नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

वाळूचा बांध आणि राजसत्ता

गोव्याच्या कदंब राजांची राजधानी गोपकपट्टण ही झुवारीच्या तीरावर होती. तथापि त्यांचे आराध्य दैवत सप्तकोटेश्वर मांडवीतील दिवाडी बेटावर होते. पुढे गोपकपट्टणाचे बंदर मागे पडले आणि मांडवीच्या डाव्या तीरावरील एला, म्हणजे आजचे जुने गोवे, वाढीस लागले. इ.स. १४७२ मध्ये बहामनी वजीर महमूद गवान याने गोवा जिंकला. त्यानंतर तो आदिलशाहीकडे गेला. अरबस्थानातून येणारे घोडे येथे उतरत. दक्षिणेतील सर्वच राजांना घोडे हवे असत. म्हणून ज्याच्या हाती हे बंदर त्याच्या हाती दख्खनच्या युद्धांची एक किल्ली, असा त्या काळचा व्यवहार होता.

इ.स. १५१० ची हकीकत येथे जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. आफोंस द आल्बुकेर्क याने फेब्रुवारीत गोवा घेतला, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु मे महिन्यात आदिलशाही सैन्य परत आले आणि पोर्तुगीजांना शहर सोडून गलबतांवर जावे लागले, ही गोष्ट शालेय पुस्तकांत क्वचितच येते. गलबते नदीत होती, समुद्र दृष्टीच्या टप्प्यात होता. तरीही ती बाहेर पडू शकली नाहीत. कारण मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा एक उंचवटा आहे. नैर्ऋत्येचा पाऊस सुरू झाला की त्यावर प्रचंड लाटा फुटतात आणि नदीचे दार बंद होते. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत हे आरमार नदीत कोंडून पडले. दोन्ही काठांवर शत्रू, पणजीच्या किल्ल्यावरून तोफांचा मारा, आणि जवळचे अन्न संपत आलेले. उंदीर व पेट्यांवरचे चामडे शिजवून खाण्याची पाळी खलाशांवर आली, असे त्यांच्याच इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. पावसाचा जोर ओसरताच गलबते बाहेर पडली, आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्कने शहर दुसऱ्यांदा जिंकले. या वेळी ऋतू त्याच्या बाजूने होता.

हे वाळूचे दार पुढेही कोणाला जुमानले नाही. विसाव्या शतकात डिचोली व सत्तरीतील खनिज मातीने भरलेले बार्ज मुरगाव बंदराकडे जाऊ लागले, तेव्हा पावसाळ्यात त्यांनाही आग्वादवरून जाता येईना. मग ते कुंभारजुव्याच्या फाट्यातून झुवारीत शिरत आणि आतल्या आत मुरगाव गाठीत. मांडवी व झुवारी यांना जोडणारा हा नैसर्गिक जलमार्ग नसता, तर तिसवाडी हे बेट झाले नसते. आणि ते बेट नसते तर आल्बुकेर्कला त्याची आवड वाटली असती की नाही, याची शंकाच आहे.

पोर्तुगीज राजवटीत नदीचा थाट वाढला. नवा व्हाइसरॉय आला की तो जलमार्गानेच शहरात प्रवेश करी. त्यासाठी सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली कमान जुन्या गोव्याच्या धक्क्यानजीक आजही उभी आहे. मुखाच्या रक्षणासाठी इ.स. १५५१ मध्ये रेईश मागूशचा व १६१२ मध्ये आग्वादचा किल्ला झाला. आग्वाद या शब्दाचा संबंध पाण्याशीच आहे. गलबतांना गोडे पाणी तेथील झऱ्यांवर मिळे. पणजी ते रायबंदर हा पाणथळ खाजनांवरून जाणारा लांबलचक पूल सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात लिन्यारिश या व्हाइसरॉयने बांधविला आणि त्यावरून आजही वाहने धावतात. ज्या शहरासाठी हे सर्व उभे राहिले ते शहर मात्र टिकले नाही. साथीच्या रोगांनी ते पोखरले, पात्र गाळाने भरत गेले. व्हाइसरॉय इ.स. १७५९ मध्ये पणजीस आदिलशहाच्या जुन्या वाड्यात राहावयास आला आणि १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. राजधानी नदीच्या मुखाकडे सरकली, एवढाच त्याचा भौगोलिक अर्थ.

नदीपलीकडे गेलेले देव

मांडवी ही दीर्घकाळ दोन राज्यांमधील सीमा होती, हे आजच्या पिढीस सहसा ठाऊक नसते. तिसवाडी व बारदेश सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले. फोंडे १७६३ मध्ये आणि डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास. मधल्या दोन-अडीच शतकांत नदीच्या अलीकडे देवळे पाडली जात होती आणि पलीकडे ती पुन्हा बांधली जात होती. भक्तांनी देव उचलले, होडीत घातले आणि पलीकडचा काठ गाठला. दिवाडीचा गणपती खांडोळ्यास गेला. चोडणचा देवकीकृष्ण मयेमार्गे माशेलास स्थिरावला. सप्तकोटेश्वराचे लिंग दिवाडीवरून डिचोली महालातील नार्वे येथे नेण्यात आले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथील देवालयाच्या बांधकामास प्रारंभ झाल्याचा शके १५९०, म्हणजे इ.स. १६६८ चा शिलालेख देवालयाच्या दारावर आहे. या मंदिराचे संवर्धनकार्य पूर्ण होऊन ते २०२३ मध्ये भाविकांसाठी पुन्हा खुले झाले.

नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीस जाण्यास काही मिनिटेच लागतात. मी ती फेरी अनेकदा केली आहे. प्रत्येक वेळी हाच विचार मनात येतो, की देवाला घेऊन निघालेल्या त्या माणसांना हेच पात्र केवढे रुंद वाटले असेल, आणि पलीकडे पोचल्यावर तेच पात्र संरक्षणाला पुरेसे रुंद आहे की नाही याची किती धास्ती वाटली असेल.

छत्रपती संभाजी महाराजांनी २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री जुवे बेटावरील किल्ला घेतला, तेव्हा जुन्या गोव्यापासून ते केवळ नदीच्या पाण्याने दूर होते. त्या लढाईत महाराजांचा घोडा पाण्यात वाहू लागला असता खंडो बल्लाळ यांनी त्यांना वाचविले, अशी परंपरागत हकीकत आहे. मोगलांचे सैन्य कोकणात उतरल्याने मराठ्यांना माघारी वळावे लागले. वरच्या अंगालाही नदी स्वस्थ नव्हती. म्हादईच्या काठचा नाणूसचा किल्ला २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी हस्तगत केला आणि त्यातून सत्तरीतील राण्यांच्या प्रसिद्ध उठावास तोंड लागले.

खाजन : गोड्या व खाऱ्या पाण्याचा करार

राजेरजवाड्यांच्या इतिहासाहून अधिक दीर्घ असा एक इतिहास मांडवीच्या काठी आहे. त्यात लढाया नाहीत म्हणून तो लिहिला गेला नाही. तो इतिहास खाजन शेतीचा. भरतीचे पाणी जेथे पसरे अशा खारफुटीच्या दलदली गावकऱ्यांनी बांध घालून शेतीखाली आणल्या. गोव्यात अशी जमीन सुमारे अठरा हजार हेक्टर आहे, आणि तिचा मोठा भाग मांडवी, झुवारी व कुंभारजुव्याचा फाटा यांच्या काठी येतो. दिवाडी, चोडण व जुवे ही बेटे तर बांधांच्या आधारानेच शेतीस टिकून आहेत.

खाजनाची रचना समजून घेण्याजोगी आहे. माती, गवत, बांबू व जांभा दगड यांचा बांध नदीला लगटून असतो. त्यात ठिकठिकाणी मानस, म्हणजे दारांची मोरी, बसविलेली असते. मानशीची लाकडी दारे बिजागरीवर आतबाहेर हलतात. भरती आली की बाहेरचे पाणी दाराला आत रेटते आणि दार मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी दाराला बाहेर ढकलते आणि दार उघडते. यंत्र नाही, तेल नाही, पहारेकरीही जवळजवळ नाही. चंद्र हाच येथील कामगार. पावसाळ्यात पडणारे पाणी जमिनीतील क्षार धुऊन काढते आणि ते क्षारयुक्त पाणी मानशीवाटे नदीत जाते. मग कोरगूट पेरतात. थोडाफार खारेपणा सहन करणारी ही भाताची जात येथील शेतकऱ्यांनी शतकानुशतके जपली आहे. मानशीशी जाळे लावून जे मासे व कोळंबी मिळतात त्यांच्या हक्काची पावणी होते, आणि त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी करावी असा जुना संकेत आहे. काही खाजनांत उन्हाळ्यात मिठागरे चालत.

हा सगळा व्यवहार गावकरीच्या संस्थेकडे असे, आणि बांध फुटला तर रात्री-अपरात्री सर्वांनी धावून जावे असा दंडक होता. बांधाविषयीची ही जागरूकता धार्मिक विधींतही उतरली आहे. झुवारीकाठच्या दुर्भाट, बोरी या भागांत पौष अमावास्येस खाजनात चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. तीस मांगे थापणी म्हणतात. कुंभारजुव्याच्या फाट्यात मगरी आजही आहेत.

आज अनेक ठिकाणी बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले आहे आणि तेथे खारफुटी वाढली आहे. बार्जांच्या लाटांनी बांध ढिले झाले असे शेतकरी सांगत. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खाणपट्टे रद्द केले, बार्जांची वर्दळ खूपच उतरली. तरी फुटलेले बांध आपोआप सांधले गेले नाहीत. मुख्य अडचण माणसांची आहे. कसणारा व राखणारा एकच राहिलेला नाही, आणि मासळीचे उत्पन्न भातापेक्षा अधिक असल्याने मानस वेळेवर मिटली पाहिजे असे सर्वांनाच वाटत नाही. येथे खारफुटीला नावे ठेवण्याचा हेतू नाही. चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली यांच्या नावाचे, १७८ हेक्टरांचे पक्षी अभयारण्य १९८८ पासून आहे. ते खारफुटीतच आहे आणि मासळीची पिल्ले तेथेच वाढतात. खारफुटीची जागा बांधाबाहेर, भाताची आत, हा जुना करार मोडला याचे दुःख आहे.

वरच्या अंगाला, सत्तरीत, पुरण शेती नावाचा एक वेगळाच प्रकार आढळतो. पावसाळा सरल्यावर नदीचे पाणी उतरते, तेव्हा पात्रालगतच्या गाळाच्या जमिनीत गावकरी मिळून प्रवाह वळवितात आणि वायंगण भात घेतात. खाली समुद्राशी करार, वर नदीशी. दोन्हीकडे गोड्या पाण्याच्या वेळेवर येण्याजाण्यावरच सारा हिशेब.

पाण्याचा वाद

आणि म्हणूनच म्हादईच्या पाण्याचा प्रश्न गोव्यात एवढा जिव्हाळ्याचा झाला. कळसा व भांडुरा हे म्हादईच्या खोऱ्यातील प्रवाह मलप्रभेकडे वळवावेत, ही कर्नाटकाची योजना १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे आहे. हुबळी-धारवाड व आसपासच्या कोरड्या भागास पिण्याचे पाणी मिळावे हा तिचा उद्देश. ती तहान खोटी नाही, हे गोव्यातील वाचकांनीही मान्य केले पाहिजे. ज्यांनी धारवाडकडचा उन्हाळा पाहिला आहे त्यांना ते सांगावे लागणार नाही. केंद्र सरकारने २०१० मध्ये लवाद नेमला. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. त्यात कर्नाटकास १३.४२, महाराष्ट्रास १.३३ आणि गोव्यास २४ अब्ज घनफूट पाणी देण्यात आले. कर्नाटकाच्या वाट्यापैकी ८.०२ अब्ज घनफूट हे वीजनिर्मितीसाठी असून खोऱ्याबाहेर नेण्यास ३.९ ची मुभा आहे. राज्यांनी या निवाड्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी प्रवाह हे प्राधिकरण स्थापण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये संमती दिली.

वादाच्या तांत्रिक बाजूत येथे शिरत नाही. एका युक्तिवादाविषयी मात्र लिहिणे आवश्यक वाटते. पावसाळ्यातील पाणी समुद्रात वाया जाते, असे म्हटले जाते. खाजनाच्या शेतकऱ्यास हे वाक्य ऐकवून पाहावे. त्याच्या लेखी तेच पाणी नदीचा खारेपणा मागे रेटते, त्याच्या बांधाबाहेरचे पाणी काही महिने गोडे करते आणि मुखाशी साचणारी वाळू हलविते. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाला की समुद्राचे खारेपण पात्रात वरवर सरकते, हे तो दरवर्षी पाहतो. दाबोस येथे म्हादईवर आणि ओपा येथे खांडेपारवर पाणीपुरवठा योजना आहेत. सत्तरी, फोंडे व पणजीतील लक्षावधी लोक या खोऱ्याचेच पाणी पितात. याउलट देगावच्या माणसासाठी ही नदी घरामागचा ओढा आहे. एकाच नदीचा विचार तीन ठिकाणच्या तीन माणसांनी एकाच मापाने करावा, ही अपेक्षा कठीण आहे. लवादाचे कामही म्हणूनच आठ वर्षे चालले.

पूल, फेरी आणि सांगोड

मांडवीवरील नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तो दिवस पणजीतील जुनी माणसे विसरलेली नाहीत. बारदेश आणि पणजी यांच्यामधला रस्ताच नाहीसा झाला, आणि पुलामुळे मागे पडलेल्या फेरीबोटींना पुन्हा महत्त्व आले. नवा पूल १९९२ मध्ये झाला. अटल सेतू २०१९ मध्ये. चोडण, दिवाडी येथील माणसांच्या दिवसाचे वेळापत्रक मात्र अजूनही फेरीच्या भोंग्यावर चालते, आणि पूल हवा की नको याविषयी बेटांवर एकमत नाही.

नदीवरचे उत्सवही पुष्कळ आहेत. कुंभारजुव्यास गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी दोन होड्या जोडून त्यावर पौराणिक देखावे उभारतात आणि त्यांची मिरवणूक फाट्यातून निघते; हाच सांगोडोत्सव. साखळीजवळ विठ्ठलापूर येथे वाळवंटीच्या पात्रात त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री कागदाच्या व थर्माकोलच्या नौका, दिवे लावून, सोडतात. गावोगावचे तरुण कित्येक आठवडे खपून त्या बनवितात. वाळवंटी पुढे मांडवीस मिळते, तेव्हा हाही म्हादईच्याच कुळाचा उत्सव समजावा.

शिक्षकांना व अभ्यासमंडळांना या नदीचे दर्शन विद्यार्थ्यांस एका दिवसात घडवावयाचे असेल, तर नार्व्यापासून आरंभ करावा. सप्तकोटेश्वराचे देवालय व शिलालेख पाहून फेरीने दिवाडीस जावे; तेथे मूळ स्थानाचे कोटीतीर्थ आहे. तेथून बेटाच्या खाजनातून बांधाबांधाने चालत जावे आणि दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्यास उतरून व्हाइसरॉयची कमान पाहावी. वाटेत मानस उघडताना दिसणे महत्त्वाचे. त्यासाठी अमावास्या किंवा पौर्णिमेनजीकचा, उधाणाचा दिवस निवडावा. अष्टमीच्या सुमारास पाणी फारसे चढत-उतरत नाही. ओहोटीची वेळ गावातील एखाद्या मच्छीमारास आधी विचारून ठेवावी, आणि दार हलू लागण्याच्या अर्धा तास अगोदर मुलांना बांधावर बसवून ठेवावे.